ढोलकीचा घुमारा गेला कुठे?



घरात गाणे लागलेले असते. गायकाचा आवाज येतो, पण पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी गात असल्यासारखा. झांजा कानाला टोचतात. ढोलकीची टणटण तेवढी ऐकू येते, घुमारा नाही. दहा मिनिटांत घरातले कोणीतरी वैतागून म्हणते, "बंद करा तो सेट, डोकं उठलं!" मग सेट दुकानात जातो. दुकानदार कधीकधी उघडूनही बघत नाही. "स्पीकर गेले, नवीनच घ्या," म्हणतो. मजुरीचे नाहीतर पगाराचे चार पैसे त्यात जातात. नवा सेट घरी येतो आणि त्याच जागी, त्याच वायरींवर पुन्हा तसाच चिरका वाजतो.

असे का होते, आणि खिशाला हात घालण्यापूर्वी घरच्या घरी काय बघता येते, ते या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. कान उघडे हवेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघण्याचा धीर हवा.

हरवले काय, ते आधी ओळखा

ढोलकीला दोन तोंडे असतात. उजव्या हाताचे तोंड शाईचे, ते टणकारते. डाव्या हाताचे तोंड घुमते. कोणत्याही गाण्यात असेच दोन भाग असतात. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात हवेला बसणारे हेलकावे. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्झवर असतो, बाईच्या बोलण्याचा २०० च्या आसपास. ढोलकीचा घुमारा आणि संबळाचा दणका हे सगळे या खालच्या मजल्यावरचे. झांज, टाळी, आणि 'स', 'श', 'च', 'त' ही अक्षरे वरच्या मजल्यावरची.

आवाज चिरका झाला की आपल्याला वाटते, वरचा भाग वाढला. मग आपण ट्रेबलचे बटण पार खाली आणतो. आवाज टोचायचा थांबतो, पण आता शब्दही कळेनासे होतात, कारण शब्द ओळखू येतात ते बहुतेक वरच्या मजल्यावरच्या अक्षरांनी. खरा दोष वेगळाच असतो. वरचा आवाज जागेवरच आहे, खालचा कुठेतरी गळाला आहे. घागर भरत नसेल तर नळाला दोष देण्याआधी घागरीचे भोक शोधावे, तसे हे आहे.

पहिली पायरी : दोष गाण्याचा की सेटचा?

एकच गाणे ऐकून निकाल देऊ नका. शिंदे घराण्याच्या तीन पिढ्यांची गाणी आपल्या बहुतेक घरांत आहेत. प्रल्हाद शिंदे, त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे आणि नातू आदर्श शिंदे. तिघांचे एकेक गाणे लागोपाठ लावा. जुन्या ध्वनिमुद्रणात खालचा आवाज मुळातच कमी भरलेला असतो, त्या काळची साधने तशी होती. नव्या गाण्यात तो भरपूर, कधी गरजेपेक्षा जास्त असतो. जुने गाणे बारीक आणि नवे भरदार वाजत असेल, तर सेट ठणठणीत आहे. त्याला कशाला दोष द्यायचा? तिन्ही गाणी सारखीच चिरकी वाजली, तर मात्र पुढच्या पायरीवर चला.

मोबाइलवर एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवलेले गाणे तपासणीला घेऊ नका. जागा वाचवण्यासाठी अशा गाण्याचा आवाज पुन्हा पुन्हा दाबला गेलेला असू शकतो. मग झांजा खरखरतात आणि सेट बिचारा फुकट बदनाम होतो.

दुसरी पायरी : बटणे

हसू नका, पण बऱ्याच घरांत रोग इथेच सापडतो. आजोबांना वयोमानाने वरचा आवाज कमी ऐकू येतो. वय वाढले की तीक्ष्ण आवाज आधी ऐकू येईनासे होतात, हा शरीराचा धर्मच आहे. म्हणून आजोबा ट्रेबल पूर्ण चढवतात. त्यांना गाणे छान लागते आणि नातवंडे कान झाकतात. यात चूक कोणाचीच नाही, फक्त दोघांचे कान वेगळे आहेत. आजोबांना स्पीकरच्या जवळ, समोर बसवावे आणि बटण मध्यावर ठेवावे.

सगळी बटणे आधी मध्यावर आणा. मोबाइलवरून गाणे लावत असाल, तर मोबाइलमधला इक्वलायझरही बंद करा. होम थिएटर असेल, तर खालचा आवाज देणारा मोठा डबा, म्हणजे सबवूफर, चालू आहे का आणि त्याचे वेगळे बटण शून्यावर तर नाही ना, ते बघा. झाडलोट करताना त्याची वायर निघून आलेली असते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक गोष्ट. आवाज हळू ठेवला की माणसाच्या कानाला खालचा भाग जास्त कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. जुन्या सेटवर 'लाउडनेस' असे बटण असते, ते यासाठीच. रात्री मुले अभ्यासाला बसली आहेत, गाणे हळू ठेवायचे आहे, तेव्हा ते दाबा. गाणे भरदार वाटावे म्हणून आवाज मोठा करण्याची गरज नाही.

तिसरी पायरी : पिन

मोबाइल आणि सेट जोडणारी ती बारीक पिन नीट बघा. तिच्यावर काळी वर्तुळे असतात. त्यांनी पिनेचे तीन भाग केलेले असतात : डावा आवाज, उजवा आवाज आणि दोघांची सामाईक परतीची वाट. पिन अर्धवट बसली किंवा ही परतीची वाट तुटली, तर एक चमत्कार होतो. डाव्या आणि उजव्या बाजूला जो आवाज सारखाच आहे तो एकमेकांना खाऊन टाकतो, आणि दोन्हींत जो फरक आहे तेवढाच ऐकू येतो.

आता गाण्यात दोन्हीकडे सारखे काय असते? गायकाचा आवाज आणि बहुधा ढोलकीचा घुमारा, कारण हे दोन्ही मधोमध ठेवलेले असतात. म्हणजे नेमका गायकच गायब! मागे राहतात कोरस, झांजा आणि विहिरीतून आल्यासारखा घुमणारा आवाज, सोबत थोडी गुणगुण. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचे गीत लावावे आणि त्यातले शब्दच ऐकू येऊ नयेत, मग उरले काय? पिन शेवटपर्यंत दाबा, हळूच फिरवा. फिरवताना आवाज भरून आला, तर दोष पिनेचा. मोबाइलचे जाड कव्हरही पिन पूर्ण आत जाऊ देत नाही, ते काढून बघा. दुसरी केबल शेजाऱ्याकडून घटकाभर मागून आणा आणि खात्री करा.

पेटीसारखा जुना रेकॉर्ड प्लेअर कोणी नव्या ॲम्प्लिफायरला जोडला असेल, तर तिथेही हीच तक्रार येते. रेकॉर्ड कापताना खालचा आवाज मुद्दाम कमी करून कापतात आणि वाजवताना तो पुन्हा वाढवावा लागतो. हे काम 'फोनो' लिहिलेल्या जागेतला भाग करतो. साध्या 'ऑक्स'च्या भोकात पिन घातली, तर आवाज बारीकही येतो आणि चिरकाही.

चौथी पायरी : लाल आणि काळी वायर

दोन स्पीकर असलेल्या सेटमध्ये हा दोष फार आढळतो. प्रत्येक स्पीकरला दोन टोके असतात, लाल आणि काळे. एका स्पीकरची वायर बरोबर आणि दुसऱ्याची उलटी जोडली, तर एकाचा पडदा पुढे येतो त्याच वेळी दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. दोघे मिळून खालचा आवाज मारून टाकतात. वरचा आवाज मात्र बराचसा वाचतो. म्हणून गाणे पातळ लागते आणि गायक नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही.

परीक्षा सोपी आहे. सेट बंद करा, प्लग काढा. दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवा. फक्त एकाच स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. वायरीचे उघडे केस एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर ॲम्प्लिफायर जळेल. मग तेच गाणे लावा. घुमारा वाढला आणि गायक मधोमध आला, तर ही जोडणी बरोबर. कमी झाला, तर पुन्हा पहिल्यासारखे करा. या कामाला एक पैसाही लागत नाही.

जुन्या मेकॅनिकांची आणखी एक युक्ती आहे. स्पीकर सेटपासून पूर्ण सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवावा. 'टक' असा आवाज येतो. सेलची अधिक बाजू लाल टोकाला असेल तर पडदा बाहेर येतो. सेल क्षणभरच टेकवायचा, धरून ठेवायचा नाही. 'टक' आलाच नाही, तर आतली वायर तुटली आहे किंवा कॉइल जळाली आहे.

पाचवी पायरी : घर आणि जागा

शहापूर तालुक्यातल्या शेणवा, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यात, तसेच मुरबाडकडे, घरे बदलली. कुडाच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन जाऊन सिमेंटचा गिलावा, गुळगुळीत लादी आणि वर पत्रा आला. घर पक्के झाले ही आनंदाचीच गोष्ट, पण आवाजाचा हिशोब बदलला. सारवलेली जमीन, कूड, भाताची पोती, दोरीवरचे कपडे वरचा आवाज थोडाथोडा पिऊन टाकत. लादी, गिलावा आणि पत्रा तो चेंडूसारखा परत फेकतात. रिकाम्या पक्क्या खोलीत टाळी वाजवून बघा. टाळीमागे 'झिंग' असा आवाज आला, तर गाणेही त्या खोलीत तसेच झिंगणार.

यावर बाजारात महागडे फोम मिळतात. ते घेऊ नका. आपल्या घरी गोधड्या आहेत. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी दोरीवर टांगा, जमिनीवर सतरंजी अंथरा, खिडकीला पडदा लावा. टोचणारा आवाज लगेच मऊ होतो. आजीने शिवलेल्या गोधडीचा हा आणखी एक उपयोग!

स्पीकर ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचे. खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवलेला स्पीकर खालचा आवाज चारी दिशांना उधळतो. तोच भिंतीला लागून ठेवला की घुमारा वाढतो, कोपऱ्यात ठेवला की आणखी वाढतो. हळूहळू सरकवत जा आणि कानाला बरे वाटेल तिथे थांबा. फार कोपऱ्यात गेला, तर नुसते 'घुम घुम' होईल. स्पीकर कानाच्या उंचीवर असून चिरका वाटत असेल, तर तोंड थोडे बाजूला वळवा. वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, खालचा सगळीकडे पसरतो.

सहावी पायरी : स्पीकरची पेटी

पेटीशिवाय उघडा स्पीकर कधीच भरदार वाजत नाही. आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब होते, आणि १०,००० हर्ट्झची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा ओढली जाते. खालच्या आवाजाची लांब लाट पडद्याला वळसा घालून मागच्या हवेला मिळते आणि तिथेच विरते. ती वाट बंद करायला पेटी लागते. गाडीचा जुना स्पीकर मातीच्या माठाच्या तोंडावर बसवण्याची आपल्याकडची युक्ती याच शास्त्रावर उभी आहे. पेटीची मागची फळी निघाली असेल, तडा गेला असेल, उंदराने भोक पाडले असेल, तर आधी ते बंद करा. कंपनीने मुद्दाम ठेवलेले गोल नळीचे भोक मात्र बुजवू नका.

मग पुढची जाळी काढून पडदा बघा. पडद्याच्या कडेला फोमचे किंवा रबराचे वळे असते. फोम दमट हवेत काही वर्षांनी कुजून भुगा होतो, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. कड फाटलेला स्पीकर खालचा आवाज देऊ शकत नाही. यासाठी अख्खा स्पीकर टाकण्याची गरज नाही, कड किंवा पडदा बदलून मिळतो. आसनगावहून लोकलने मुंबईला कामाला जाणारे घरात कोणी असेल, तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात सुटे भाग मिळतात. जाताना जुन्या स्पीकरचे माप आणि मागे लिहिलेला ओहमचा आकडा, ४ की ८, लिहून न्यावा.

विहारावरच्या किंवा रिक्षावरच्या कर्ण्याशी घरच्या सेटची तुलना करू नये. कर्णा दूरवर बोलणे पोहोचवण्यासाठी बनवलेला असतो. साधारण ३००-४०० हर्ट्झच्या खालचे तो फारसे काढतच नाही. तो त्याचा दोष नव्हे. त्याच्याकडून ढोलकी मागणे चुकीचे.

सातवी पायरी : आता मेकॅनिक

इतके करूनही फरक पडला नाही, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात असू शकतो. ते स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते. मेकॅनिककडे जा, पण जाताना प्रश्न घेऊन जा.

बऱ्याच जुन्या आणि जुळवलेल्या सेटमध्ये स्पीकरकडे जाणारा आवाज एका मोठ्या कपॅसिटरमधून जातो. तो १००० मायक्रोफॅरडचा असेल आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर २० हर्ट्झपर्यंतचा खालचा आवाज सुखाने जातो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आतून सुकतो. सुकून १०० मायक्रोफॅरडच उरला, तर २०० हर्ट्झच्या खालचे सगळे अडू लागते. म्हणजे ढोलकी गेली आणि पुरुषी आवाजाचा पायाही गेला. हा भाग स्वस्त असतो. "कपलिंग कपॅसिटर तपासलात का?" एवढे विचारले, तरी समजते की गिऱ्हाईक माहीतगार आहे.

दुसरे, संध्याकाळी व्होल्टेज पडण्याची तक्रार. ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या सेटला २३० च्या जागी १७० व्होल्ट मिळाले, तर त्याची ताकद निम्म्याजवळ येते. मग आवाज थोडा वाढवला की तो फाटतो आणि टोचतो. सकाळी गाणे चांगले आणि संध्याकाळी चिरके लागत असेल, तर सेट दुरुस्तीला नेऊ नका. आधी विजेकडे बघा.

कॅसेटा भंगारात देऊ नका

इतका वेळ आम्ही पैशाचे बोललो. आता पैशाने न मिळणाऱ्या गोष्टीचे बोलू.

बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. विठ्ठल उमप २०१० साली गेले, तरी त्यांचा आवाज मोबाइलवर सापडतो. पण गावोगावच्या गायन पार्ट्यांनी जयंतीला, लग्नात, नामकरणात जे गायले आणि कोणीतरी घरच्या टेपवर भरून ठेवले, ते कोणत्याही दुकानात नाही. त्याची एकच प्रत जगात आहे आणि ती आपल्या माळ्यावरच्या खोक्यात आहे. तिच्यात आजोबांचा कोरस असेल, गेलेल्या आत्याची टाळी असेल. सेट चिरका वाजतो म्हणून "कॅसेट खराब झाली" असे ठरवून ते खोके भंगारवाल्याच्या तराजूवर चढते. दोष पिनेचा होता, आणि शिक्षा कॅसेटला!

हल्ली मुले या कॅसेटा मोबाइलवर उतरवून घेतात. चांगले काम आहे. पण उतरवण्यापूर्वी वरच्या सर्व पायऱ्या तपासा. पिनेची परतीची वाट तुटलेली असताना उतरवले, तर गायकाचा आवाज त्या नव्या प्रतीत कधीच नसेल आणि तो नंतर कोणत्याही बटणाने परत येणार नाही. टेपचा हेड स्पिरिटने पुसा. 'नॉर्मल' आणि 'क्रोम' असे बटण असेल, तर कॅसेटवर लिहिले असेल त्याप्रमाणे ठेवा. क्रोमची कॅसेट नॉर्मलवर वाजवली की आवाज जास्त तीक्ष्ण येतो. 'डॉल्बी' लावून भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली, तरी तसेच होते. आधी पाच मिनिटे उतरवा, हेडफोनवर ऐका, घुमारा आणि शब्द दोन्ही आहेत याची खात्री करा, मगच पुढे जा. उतरवून झाल्यावरही मूळ कॅसेट टाकू नका. कोरड्या जागी, उभी ठेवा. प्रत्येक कॅसेटवर कोण गाते, कुठे, कोणत्या साली, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. हे सांगणारी माणसे आज घरात आहेत.

एका रविवारी दुपारी मुलामुलींना सोबत घ्या आणि क्रमाने जा : गाणे, बटणे, पिन, वायर, जागा, पेटी, आणि सर्वांत शेवटी मेकॅनिक. पहिल्या पाच पायऱ्यांना जवळपास काहीच खर्च नाही. वायरींची अदलाबदल मुलीच्या हाताने करवून घ्या. तिला एकदा समजले की वाडीतले चार सेट ती दुरुस्त करील. आणि घुमारा परत आला की पहिले गाणे खोक्यातल्या त्या कॅसेटचे लावा, बाजारातले नंतर.